एकशे साठच्या वर

"मेन पाडा! आधी मेन पाडा कुणीतरी!"

हिराक्काचा आवाज मला रस्त्यावरच ऐकू आला. पहिली पाळी करून मी घरी आलो होतो. दाराला कुलूप होतं आणि किल्ली मालनकडे होती, म्हणून तसाच कॉलनीतल्या महादेवाच्या देवळाकडे गेलो. देवळामागच्या हॉलमध्ये बायकांचा सराव चालायचा. श्रावणातला तिसरा सोमवार होता. गौरीच्या आधी कोल्हापुरात झिम्मा-फुगडीची स्पर्धा होती आणि आमच्या इचलकरंजीच्या कॉलनीचा संघ पहिल्यांदाच तिथे उतरणार होता.

दारात गेलो तर पंखे बंद, दिवे बंद. वीसेक बायका भिंतीला चिकटून उभ्या. मधोमध माझी बायको मालन फरशीवर बसलेली, पदर कमरेला खोचलेला, एक हात छातीवर. तिची फुगडीची जोडीदारीण हिराक्का तिच्यापासून चार हात लांब उभी राहून स्वतःचे दोन्ही हात झटकत होती.

"भावजी, आत येऊ नका! फरशीत करंट हाय. फुगडी घालत होतो, तर माझ्या हातातनं सणकन गेला. हिला तर उडवलंच."

"मग तुम्ही कशा उभ्या आहात फरशीवर?"

"मला काय होतंय? मी जाड हाय."

कुणीतरी हसलं. मालनही हसायला गेली आणि तेवढ्यात बसल्या जागी उडाली. दोन्ही खांदे वर गेले, तोंडातून आवाज निघाला आणि ती एका अंगावर कलंडली. मेन बंद होता. सगळ्यांनी वळून बघितलं, मेन बंदच होता.

तेव्हा मला कळलं की हे फरशीतून आलेलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी मालन भाजी निवडता निवडता कोसळली होती. ठोके एकाएकी इतके वाढले होते की हृदय नुसतं थरथरत होतं, रक्त पुढे जात नव्हतं. जवळच्या दवाखान्यात शॉक देऊन तिला परत आणली आणि तिथून कोल्हापूरला मोठ्या हॉस्पिटलात नेली. तिथे डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी बसवली. तिच्यातून एक तार हृदयात सोडलेली. पुन्हा तसं झालं तर डबी आतूनच झटका देईल आणि ठोके ताळ्यावर आणेल, असं सांगितलं होतं. आठ महिने डबी गप्प होती. आम्ही तिला जवळजवळ विसरलो होतो.

शेजारच्यांची व्हॅन काढली आणि कोल्हापूरच्या त्याच हॉस्पिटलकडे निघालो. हातकणंगल्याच्या पुढे गाडीत तिसरा झटका बसला. मालननं माझा हात असा धरला की बोटं बधिर झाली.

"म्हशीनं छातीत लाथ घातल्यागत होतंय ओ," ती म्हणाली. "सांगून तरी घालायची."

मी ड्रायव्हरला म्हणालो, जरा जोरात घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मुजावर आले. डबी यांनीच बसवली होती. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं सावकाश. त्यांनी मालनच्या खांद्यावर एक वाटीएवढं यंत्र ठेवलं, पुढ्यातल्या पडद्यावर बराच वेळ काहीतरी वाचलं आणि मग स्टूल ओढून बसले.

"मावशी, तुमच्या हृदयानं काल काहीही चूक केलेली नाही."

"मग लाथा कुणी घातल्या?"

"मशीननं. पण त्याचाही दोष नाही. आम्ही त्याला सांगून ठेवलंय की ठोके मिनिटाला एकशे साठच्या वर गेले आणि तिथंच राहिले तर धोका समज. काल तुमचे एकशे सहासष्टवर गेले. पण ते फुगडीनं. पळालं, जिना चढला की कुणाचेही वाढतात. मशीनला फुगडी कळत नाही, आकडा कळतो. पहिला झटका बसल्यावर तुम्ही घाबरलात. घाबरल्यावर ठोके खाली आलेच नाहीत, म्हणून दुसरा. मग तिसरा."

"आणि आमच्या हिराक्काला बसला तो?"

"हात धरलेल्याला थोड्या झिणझिण्या येतात. त्यांना धोका काही नव्हता."

"तिला सांगू नका. जरा घाबरू दे."

डॉक्टर हसले. मला मात्र हसू येईना. मी तीस वर्षं बॉयलरवर काम केलं. कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, वाफ हद्दीबाहेर गेली की तो आपोआप उघडतो. पण तो बसवताना आधी विचारतात की रोजच्या कामाला वाफेचा दाब किती लागतो. तो आकडा कमी सांगितला तर व्हॉल्व्ह नीट चाललेल्या कामातच उडायला लागतो. व्हॉल्व्ह चांगला असतो, बॉयलरही चांगला असतो. आकडा सांगणारा चुकलेला असतो. डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत मला हे सगळं समजलं होतं.

"गोळ्या वेळेवर चालल्यात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालल्यात की."

"काल घेतली होती?"

"काल सोमवार होता."

"म्हणजे?"

"उपास. गोळी जेवणानंतरची आहे. जेवलेच नाही तर जेवणानंतरची गोळी कशी घ्यायची?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मावशी, ती गोळी ठोके आवरणारी आहे. किती सोमवार घेतली नाही?"

"तीन. आणि एक एकादशी."

त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत 'उपासालाही' असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "पण नुसत्या गोळीचा प्रश्न नाही. हद्द मुळात खाली लावली गेलीय. तुम्ही इतकं खेळता हे माहीत असतं तर मी एकशे साठ लावलंच नसतं." त्यांनी फाइल उघडली. "हे बघा. व्यायाम, नाही. खेळ, नाही. कष्टाचं काम, नाही. खाली लिहिलंय, घरीच असते."

मालन उशीवरून उठून बसली. "असं कोण म्हणालं?"

"मशीन बसवायच्या आदल्या दिवशी आमच्या माणसानं विचारून लिहून घेतलंय. तुम्ही गुंगीत होतात. नातेवाइकांपैकी कुणीतरी सांगितलं असणार. नाव लिहिलेलं नाही."

"आबा," मालन म्हणाली. आबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. "तोच होता तेव्हा हितं. त्याच्याशिवाय कोण असलं बोलणार? होय ना ओ?"

मी पाण्याची बाटली उघडत होतो. उघडत राहिलो.

डॉक्टर गेल्यावर तिनं माझ्या मोबाइलवरून आबाला फोन लावला.

"आबा, माझ्याबद्दल डॉक्टरला काय सांगून ठेवलंस रे? घरीच असते? तुझ्या लग्नात सगळ्या मांडवाला दमवलं ते कुणी, तुझ्या सासूनं? तुझ्या त्या दोन शब्दांपायी काल मला तीन लाथा बसल्यात."

पलीकडून आबाचा आवाज येत होता. "ताई, अगं मी कुठं..."

"वर आणि मी कुठं म्हणतोस!" तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "पाटीवरच्या अक्षरागत पुसून टाकलं मला."

मी बाटली स्टुलावर ठेवली आणि चहा आणायला खाली गेलो. चहा तिला नको होता, मलाही नको होता.

तेव्हापासून ती हालेना. बाथरूमला जायचं तर माझा दंड धरून, एकेक पाऊल मोजून. कूस बदलायची तर आधी छातीवर हात ठेवून थांबायची. ज्या बाईनं पन्नाशी ओलांडल्यावर बसफुगडी घातली, म्हणजे उकिडवं बसून, तिला केस विंचरायलाही हात वर करायची भीती वाटत होती. दुपारी तिनं डॉक्टरांना सांगितलं, "हे काढून टाका."

"मावशी, पुन्हा भाजी निवडताना पडलात तर?"

"पडले तर पडले. एकदाच मरीन. हे रोज कोण मरणार?"

"काका, तुम्ही तरी समजावा."

मी समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला काय, तुमच्या छातीत आहे का?"

डॉक्टर मुजावरांनी मला बाजूला घेतलं. हद्द वर नेता येईल, म्हणाले. तिचा खरा धोक्याचा वेग पहिल्या वेळी दोनशे दहाच्या वर होता, म्हणजे मधे जागा आहे. पण अंदाजानं नेणार नाही. जोर लावल्यावर तिचे चांगले ठोके कुठवर जातात ते आधी बघायचं. आणि त्यापेक्षा महत्त्वाचं, एकशे साठ ओलांडूनही काही झालं नाही हे तिला स्वतःला कळलं पाहिजे. नाहीतर ती मशीन काढायला लावेल, नाहीतर अंथरुणाला खिळेल. दोन्हीचा शेवट एकच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला चालत्या पट्ट्याच्या खोलीत नेलं. छातीवर तारा चिकटवल्या, त्या कमरेच्या छोट्या पेटीला जोडल्या. डबीचा झटका तेवढ्या वेळापुरता बंद केला आणि बाहेरून शॉक द्यायचं मोठं यंत्र सिस्टरच्या हाताशी ठेवलं. डॉक्टरांनी हे मालनला दोनदा समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता.

पट्टा सुरू झाला. मालन साडीचा काठ एका हातात आणि दांडी दुसऱ्या हातात धरून चालू लागली. वेग वाढवला तशी तिनं दांडी दोन्ही हातांनी धरली. तिसऱ्या मिनिटाला ती ओरडली, "थांबवा! येतंय, येतंय!" पट्टा थांबवला. काही येत नव्हतं. ठोके एकशे अठ्ठावीस.

दहा मिनिटांनी पुन्हा. पुन्हा तेच. डॉक्टर कपाळ चोळत बसले.

"हे मला जमणार नाही, डॉक्टर," मालन म्हणाली. "हा पट्टा माणसाला पळवतोय. आपण होऊन पळणं वेगळं."

"मग तुम्ही आपण होऊन काय कराल?"

"फुगडी. दुसरं काय येतंय मला?"

"मग फुगडी घाला. सिस्टर, या."

सिस्टर विशीतली, हडकुळी मुलगी होती. मालननं तिला वरून खाली बघितलं. "ही पंचेचाळीस किलोची. मी मागं झुकले तर ही खिडकीतनं रस्त्यावर जाईल. फुगडीला वजनाला वजन लागतं. हिराक्काला बोलवा."

मी हिराक्काला फोन केला. ती म्हणाली, "भावजी, मालनसाठी जीव देईन, पण हात देणार नाही."

फोन ठेवला. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"मी?" मी म्हणालो. "मी आयुष्यात फुगडी घातलेली नाही. गुडघे दुखतात माझे."

"किती वजन तुमचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

"जमतंय," मालन म्हणाली. आबाच्या फोननंतर पहिल्यांदा तिच्या आवाजात जरा धार होती. "चपला काढा."

पायाला पाय लावले. तिनं माझे हात फुलीसारखे धरले. बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही असे समोरासमोर हात धरून कधी उभे राहिलो नव्हतो. मला सिस्टरची लाज वाटत होती.

"मागं झुका," मालन म्हणाली.

"झुकलोय की."

"कुठं झुकलाय? तुम्ही स्वतःलाच धरून उभे आहात. भार टाका. मी धरलंय."

"पडलो म्हणजे?"

"दोघं झुकलो की नाही पडत. टाका."

मी भार टाकला. तिचे हात ताणले गेले आणि खोली फिरायला लागली. सुरुवातीला सावकाश. माझे पाय एकमेकांत अडकत होते, ती माझ्या पायांकडे बघून "डावा, डावा" म्हणत होती. मग अडकायचे थांबले. फुगडी घालताना बायका तालासाठी तोंडानं पक्-पक् असा आवाज काढतात, तसा ती काढू लागली.

"एकशे बावीस," डॉक्टर पडद्यावरून वाचत होते. "एकशे एकोणचाळीस. छान. एकशे अठ्ठेचाळीस."

आकडे ऐकून तिचा आवाज बंद झाला.

"एकशे पंचावन्न."

"पुरे," ती म्हणाली. "आता बसतंय."

"झटका बंद आहे, मावशी. चालू ठेवा."

"नको. मला माहीत आहे, आता बसतंय." तिचे पाय मंदावले. तिचा चेहरा माझ्यापासून दोन हातांवर होता. घाम, विस्कटलेले केस, आणि डोळ्यांत गाडीत होती तीच भीती. मला दिसत होतं की ती आता थांबली तर पुन्हा या खोलीत येणार नाही.

मी म्हणालो, "मालन, ते मी सांगितलं होतं."

"काय?"

"घरीच असते म्हणून. आबा नव्हे. मी."

का तेव्हाच बोललो ते मला आजही नीट सांगता येत नाही. चक्कर येत होती. सगळा भार तिच्या हातांवर होता आणि ते हात धरून खोटं लपवणं जमेना.

तिनं हात सोडले नाहीत. तिची नखं माझ्या मनगटात रुतली आणि थांबायला आलेले पाय पुन्हा सुरू झाले. आता ती मला फिरवत होती. हिराक्कालाही तिनं कधी इतक्या जोरात फिरवलं नसेल. खिडकी, सिस्टर, डॉक्टर, पट्टा, पुन्हा खिडकी. ती एकटक माझ्याकडे बघत होती.

"एकशे एकसष्ट," डॉक्टर म्हणाले. "एकशे पासष्ट. मावशी, एकशे साठच्या वर गेलात तुम्ही! एकशे एकोणसत्तर."

तिनं ऐकलंही नाही.

"एकशे बाहत्तर. तिथंच आहे. बस, कळलं मला. बस, मावशी, थांबा आता. सावकाश."

ती आणखी पाच-सहा फेऱ्यांनंतर थांबली. मी भिंतीला धरून खाली बसलो. ती कमरेवर हात ठेवून उभीच होती, धापा टाकत. सिस्टरनं खुर्ची पुढे केली, तीही तिनं घेतली नाही.

"आबाला फोन लावा," ती म्हणाली.

"आत्ता?" डॉक्टरांनी विचारलं.

"लावतील ते."

मी तिथेच फरशीवर बसून आबाला फोन लावला. "आबा, ते मी बोललो होतो," म्हणालो. आबा म्हणाला, "दाजी, मला वाटलंच होतं. ताईनं सोडलं का तुम्हाला?" मी म्हणालो, "अजून नाही."

त्या आठ महिन्यांपूर्वीच्या दिवशी मी सलग दोन रात्रपाळ्या करून थेट हॉस्पिटलात आलो होतो. एक माणूस कॉरिडॉरमध्ये कागद घेऊन आला. पाच-सहा प्रश्न होते. व्यायाम करतात का? नाही. काही खेळतात? नाही. जड काम? नाही हो, घरीच असते. पूर्ण मिनिटही लागलं नाही. मला झोप आली होती. पण झोपेचं निमित्त मी स्वतःला पुष्कळ वेळा देऊन बघितलं आहे, ते टिकत नाही. मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं. बॉयलरचा दाब कुणी विचारला असता तर मी झोपेतही काटा बघून सांगितला असता.

डॉक्टरांनी मग नवा कागद घेतला आणि स्टूल मालनकडे वळवलं. "आता तुम्हीच सांगा. दिवसभरात जोराचं काय काय करता?"

मी सवयीनं तोंड उघडलं होतं. मिटलं.

मालन सांगू लागली. आधी तुटक, मग भराभर. कॉलनीची मोटर बिघडली की खालून दोन मजले पाणी वर नेते. बोरवेलच्या हापशाला बायका तिलाच पुढं करतात. हिराक्काच्या चटणीच्या धंद्यात आठवड्यातून तीन दुपारी मिरची कांडायला जाते. जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढते. शाळेच्या मैदानावर गुरुवारी पोरींना झिम्मा शिकवते, पन्नास पोरी असतात. डॉक्टर लिहीत होते. कागद पुरला नाही, त्यांनी मागच्या बाजूला लिहिलं. चटणीचं मला ठाऊक होतं. पोरींचं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

त्याच दिवशी हद्द एकशे अठ्ठ्याऐंशीवर नेली. ठोके वर गेल्यावर लगेच झटका न देता मशीननं थोडं जास्त थांबून बघायचं, असंही त्याला शिकवलं. मालनलाही शिकवलं. गोळी रोज, उपास असो नसो. खेळायच्या आधी दहा मिनिटं सावकाश चालायचं, मग झिम्मा, मग फुगडी. थांबतानाही एकदम थांबायचं नाही. डबी काढून टाकायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

माझ्याशी मात्र ती चार दिवस कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "तुम्हाला फुगडी बरी जमते. गुडघे दुखतात म्हणे." मी जेवलो.

स्पर्धेला मी गेलो. हिराक्का हातात इलेक्ट्रिशियनचे रबरी मोजे घालून आली होती. संयोजकांनी ते काढायला लावले तेव्हा तिनं महादेवाचं नाव घेऊन मालनचे हात धरले. संघाचा नंबर आला नाही. मालन तीन मिनिटं बसफुगडी फिरली आणि उठून उभी राहिली, हसत होती. डबी गप्प होती. पुढची पाच वर्षं चुकीचा झटका एकही बसला नाही. खरा एकदा बसला, चटणी कांडताना नव्हे, टीव्ही बघताना, आणि त्यानं तिला वाचवलं.

पाच वर्षांनी हृदयच थकलं. पाय सुजले, दोन पावलांवर दम लागायचा. माघात पुन्हा त्याच हॉस्पिटलात आणली. आठवड्यानं डॉक्टर मुजावरांनी मला बाहेर बोलावलं. त्यांचेही केस पांढरे व्हायला लागले होते.

"काका, आता औषधांचा उपयोग होत नाही. शेवटी शेवटी मशीन झटके देत राहील, एकामागून एक. त्यानं वाचणार नाहीत, फक्त त्रास होईल. ते बंद करता येतं. त्यानं दुखत नाही, लगेच काही होतही नाही. तुम्ही काय म्हणता?"

"ती जागी आहे," मी म्हणालो. "तिला विचारा."

आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे लाथा बंद."

"हो, मावशी."

मग तिनं मान वळवली. "तुम्ही काय म्हणता?"

"तू म्हणशील तसं."

"ते झालं. माझं मी सांगणार आहे. तुम्हाला विचारतेय, तुमचं सांगा."

मला खूप दमल्यासारखं झालं. तिच्या मनासारखं बोलावं असं वाटलं, पण तिनं ते विचारलं नव्हतं.

"मला वाटतं राहू दे," मी म्हणालो. "चालू राहू दे. एवढ्यात नको."

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. मालननं हातानंच त्यांना थांबवलं.

"बरं," ती म्हणाली. "चार दिवस राहू दे. यांच्यासाठी. मग बंद करा."

ते चार दिवस मी तिच्या खाटेजवळ बसून होतो. ती झोपायची, उठायची, हिराक्कानं पाठवलेल्या पेजेचा एखादा घोट घ्यायची. एकदा म्हणाली, खिडकी उघडा. एकदा म्हणाली, दाढी करून या, कसे दिसताय. झटका बसला नाही. त्या चार दिवसांत प्रत्येक वेळी तिनं कूस बदलली की झटका आला असं वाटून मी अर्धा उठायचो, आणि मग कळायचं की हा त्रास मी तिच्याकडून मागून घेतला आहे.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर मुजावर ते वाटीएवढं यंत्र घेऊन आले आणि दारात उभे राहिले. मालननं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"झालं का तुमचं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "झालं."